दाबून भरलेली खोली

चौसाळा, मंगळवार, संध्याकाळ

घरातल्या खोलीत कापूस तुडवता तुडवता अण्णांनी विचारलं, “पोरी, तू तिकडं आभाळात काय बघतीस?”

मी सांगितलं, काही दीर्घिकांच्या पोटात सगळा वायू एवढ्याशा जागेत दाटतो. तारे एकदम पेटतात, उरलासुरला वायू बाहेर फेकतात. मग नवा तारा होतच नाही, दीर्घिका विझत जाते.

बोलताना सहज ढिगात हात घातला. आत गरम. दवात वेचलेला ओला कापूस, भाव येईपर्यंत जवळजवळ छतापर्यंत दाबून भरलेला.

“अण्णा, ओला कापूस दाबला की आतून आपोआप तापतो. हे पेटंल.”

“कावून भेतीस? दरसाली भरतो की.”

मी उगाच घाबरतेय का? पण हात अजून गरम वाटतोय.

आईने आत्ताच त्या खोलीच्या भिंतीला लागून अंथरूण घातलं. म्हणाली, “हितं लई ऊब हाय.”