स्टेशनाकडे तोंड असलेल्या घराची व्यवस्था

मी, श्रीमती मालिनी श्रीपाद टिपणीस, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तपासताना मला वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या सदऱ्याचे बटण चुकीच्या काजात गेले आहे हेही सांगितले. त्यांनी लगेच दाखला दिला. माझ्यावर कोणाचा धाक नाही, दडपण नाही. मला धाक घालील असा माणूस या घरात आता राहिलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण आमच्याकडे सगळ्याच गोष्टी लाईन आल्यावर करायच्या होत्या.

लाईन कोणती ते आधी लिहिते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा घोटाळा नको. बदलापूरला गाडी पहिल्यापासून आहे. पण ब्याऐंशी साली बोलवा पसरली की शिरगावावरून पूर्वेला एक नवी लाईन निघणार आणि तिचे पहिले स्टेशन बनूबाई गायकर यांच्या भातशेतात होणार. लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन माणसे आली, शेत मोजून गेली, बनूबाईंच्या विहिरीवर पाणी प्याली. आम्ही तेव्हा उल्हासनगर कॅम्प पाचला बराकीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझे यजमान संध्याकाळी घरी आले ते डबाही खाली न ठेवता म्हणाले, "मालू, दारात स्टेशन. चपला घालायच्या आणि गाडीत बसायचं." हे त्यांनी इतके गोड सांगितले की मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. म्हणून जागा माझ्या नावावर आहे, आणि म्हणूनच तिची व्यवस्था लावण्याचा अधिकार माझा आहे.

कलम पहिले. घर. चतुःसीमा वकिलांनी मागे जोडल्या आहेत, पण त्यावरून घर कळणार नाही. आमचा रस्ता पश्चिमेला आणि शेत पूर्वेला. श्रीपादरावांनी दर्शनी दार, ओटा आणि रंगीत काचांची खिडकी सगळे शेताकडे काढले. रस्त्याकडे मोरी, संडास आणि स्वयंपाकघराची खिडकी. गवंडी म्हणाला, "साहेब, उलटं होतंय." हे म्हणाले, "स्टेशनातून उतरणाऱ्याला घराची पाठ दाखवायची का?" त्यांचे बघून शेजारच्या विष्णुपंत केळुसकरांनी तसेच बांधले, आणि मग पुढच्या सगळ्यांनी. अशी आमची आख्खी आळी रस्त्याकडे पाठ करून बसलेली आहे. पोस्टमन पत्रे स्वयंपाकघराच्या खिडकीतून देतो. पाहुणे मोरीला वळसा घालून, शेवग्याखालून वाकून ओट्यावर येतात, आणि कितीही भारी साडी नेसून आले तरी पहिले पाऊल चिखलातच पडते.

पण खोटे कशाला लिहू, संध्याकाळ फार सुंदर असे. दिवेलागणीला आळीतला प्रत्येक जण शेताकडचा दिवा लावी. पावसाळ्यात खाचरांत पाणी भरले की ते दिवे पाण्यात उतरत आणि समोर फलाट आहे असे खरेच वाटे. बांधावर बगळे रांगेने उभे राहत. हे म्हणत, "बघ, तिकिटं काढून उभे आहेत बिचारे." विष्णुपंत पलीकडच्या ओट्यावरून विचारत, "काय टिपणीस, आज लेट का?" आणि हे घड्याळ बघून म्हणत, "सिग्नल नाही मिळाला." मोठी शहाणी माणसे, आणि रोजचा हा खेळ. हसता हसता दोघेही समोर बघत बसत. मीही बसे. ज्या ठिकाणी काही नाही तिथे इतका वेळ बघितले की तिथे काहीतरी दिसायला लागते. एक्याण्णव साली तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, हे गेले.

अजून दुपारी डोळा लागला की मला गाडी दिसते. आवाज करत नाही. भातातून येते, पण एक लोंबी वाकत नाही. खिडक्यांत दिवे असतात. हे उतरतात, धुवट पांढऱ्या सदऱ्यात, आणि सरळ दर्शनी दाराने आत येतात, मोरीला वळसा न घालता. जागी झाले की मला त्यांचा राग येतो आणि रडूही येते. ते दोन्ही माझ्याबरोबर जाईल, त्याची वाटणी करायची नाही.

कलम दुसरे. घराची किंमत. ती मला सांगता येत नाही. उल्हासनगरचा चंदर नावाचा जागांचा दलाल आहे, तो मधूनमधून डोकावतो. तो म्हणतो, "काकू, तुमच्या घराला दोन रेट आहेत. एक लाईनवाला, एक बिगर लाईनवाला. कौनसा बताऊँ?" निवडणूक आली की पहिला भाव चढतो. काठ्यावाली माणसे दिसली की आळीत मिठाई वाटतात. मग गवत वाढते, काठ्या दिसेनाशा होतात आणि भाव पुन्हा बसतो. बनूबाईंच्या भावाने, आण्णांनी, असल्याच एका चढत्या वेळी आपल्या वाटणीचे शेत विकून टाकले. बनूबाईंनी विकले नाही. मी कारण विचारले तर म्हणाल्या, "गाडी येल तवा येल, बाय. आज मला वाल पेरायचाय." आमच्या आळीत एवढी अक्कल एकाही पदवीधराला नव्हती. माझे पितळी घंगाळ मी बनूबाईंना आजच देऊन टाकते. त्यांची नजर त्याच्यावर आहे हे मला कधीपासून ठाऊक आहे.

कलम तिसरे. माझा मुलगा शशिकांत ठाण्याला असतो, मुलगी वृंदा माझ्यापाशी. वाईट नाही तो, पण बापाचा मुलगा आहे. दर दिवाळीला म्हणतो, "आई, आता विकण्यात अर्थ नाही. लाईन मंजूर झाली की विकू, आणि वृंदाला तिचा हिस्सा रोख देऊ." मी विचारते, तोवर वृंदाने काय करायचे? तो म्हणतो, "तोवर आहेच की ती इथे." वृंदा गळक्या छपराखाली आहेच की, भिंतींना ओल आहेच की. छप्पर बदलायचे नाही, कारण लाईन आली की घर पाडून मोठे बांधायचे. पोस्टातली माझी सगळी शिल्लक शशिकांतला द्यावी. शिवाय त्याच्या वडिलांची ओट्यावरची खुर्ची आणि तिच्यावर बसून वाट पाहण्याचा पूर्ण हक्क मी त्याला देते. खुर्ची मात्र त्याने ठाण्याला न्यावी.

कलम चौथे, आणि हेच खरे. माझी मुलगी वृंदा. पंच्याऐंशी साली तिला अंबरनाथचे स्थळ आले होते. जयदेव चौबळ, कारखान्यात नोकरी, बोलणे कमी, माणूस सरळ. मोरीला वळसा घालून आला, पाय धुवायला पाणी मागितले, आणि मोरीपासच्या कट्ट्यावर बसून वृंदाशी शेवग्याच्या भाजीवर बोलत बसला. पोरगी हसत होती. यजमानांनी त्याला शेत दाखवले, फलाट कुठून कुठवर ते दाखवले. तो गेल्यावर म्हणाले, "घाई काय आहे? लाईन आली की स्टेशनासमोरच्या बंगल्यातली मुलगी म्हणून स्थळं येतील. डॉक्टर, इंजिनियर." मी भांडले. त्यांनी बोलणे हसण्यावारी नेले आणि जयदेवला नकार कळवला. त्याने दुसरीकडे लग्न केले. त्यानंतर आमच्याकडे कोणी आले नाही, लाईनही नाही आणि डॉक्टरही नाही. घराचा भाव वाढायची वाट बघताना माझ्या मुलीचे केस पिकले, हे मी या कागदावर स्पष्ट लिहिते, आणि यजमान स्वर्गात असतील तर त्यांनी हे वाचावे.

वृंदा शिवणावर घर चालवते. जयदेवची बायको चार वर्षांपूर्वी वारली. कारखाना सुटल्यापासून तो कॅम्प पाचला परकर-गाऊनचा धंदा करतो आणि बेतलेले कापड दर आठवड्याला वृंदाकडे टाकून जातो. आधी उभ्याने चहा घेई, हल्ली बसतो.

तर हे घर, त्याखालची जमीन, शेवगा आणि मोटारपंप यांसह, मी एकट्या वृंदाला देते. आज आहे तसे, आजच्या भावाने. लाईन आली तरी तिचे, नाही आली तरी तिचे, आणि लाईन घरावरूनच गेली तर येईल ती भरपाईही तिची. शशिकांतने त्यात हिस्सा मागू नये. वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यात "नियोजित मार्ग झाल्यास" असे एक पोटकलम घातले होते. ते मी काढायला लावले. या कागदात "झाल्यास" नको.

कलम पाचवे. वृंदाने रस्त्याच्या बाजूची भिंत फोडून तिथे दार काढावे. चौकट सागवानी असावी, उंबरठा रुंद. छप्पर बदलावे. माझ्या दिवसांसाठी थांबू नये, गवंडी मिळेल तेव्हा काम सुरू करावे. गुरुजी काही म्हणाले तर माझे नाव सांगावे.

येथवर मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

आता सही करताना घडले ते माझ्या हाताने खाली लिहीत आहे, कारण खाडाखोड झाली आहे आणि तिचे कारण कागदावर असावे असे वकीलसाहेब म्हणतात. साक्षीला मी बनूबाईंना आणि जयदेवला बोलावले होते. बनूबाईंनी अंगठा दिला. जयदेवचे नाव टंकलेले होते. तो सगळा मजकूर वाचत बसला, पंच्याऐंशी सालचाही. मग पेन टोपण लावून माझ्यापुढे ठेवले.

"काकू, मला साक्षीदार नका करू."

मी म्हटले, अरे, जुन्या गोष्टीचा राग अजून आहे का? मी तर तुझ्या बाजूने भांडले होते.

"राग नाही. वकील म्हणाले, जिला घर मिळतं तिच्या नवऱ्यानं साक्ष करू नये, पुढे कटकट होते."

आत शिवणयंत्र चालू होते, ते थांबले. मी विचारले, वृंदाला विचारलंस का बाबा?

"तिनंच निरोप दिला," तो म्हणाला, "सही करू नकोस म्हणून."

घर वरीलप्रमाणे एकट्या वृंदाचेच राहील. लग्न झाले तरी.

ठिकाण : शिरगाव, बदलापूर (पूर्व)
दिनांक : २३ नोव्हेंबर १९९६

मालिनी श्रीपाद टिपणीस (सही)

साक्षीदार :
१. बनूबाई गायकर, शिरगाव (डाव्या हाताचा अंगठा)
२. जयदेव भास्कर चौबळ, अंबरनाथ. खोडले. खोडलेले बरोबर आहे. मा. श्री. टि.
२. विष्णुपंत केळुसकर, शिरगाव (सही)