खटक्याचं भांडं

उधना, सुरत
८ जानेवारी १९९६

ती. छायाताईंना,
धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही धाडलेलं केकचं भांडं नाशिकहून आलेल्या सुकलालभाऊंनी सुखरूप पोचवलं. कडेचा खटका दाबला की गोल भिंत सैल होऊन निघते आणि तळ हातात राहतो, याचं मनूला इतकं नवल, की दिवसभर तिचं तेच चाललं होतं. रविवारी पातेल्यात वाळू तापवून केक ठेवला, तर सगळं मिश्रण खालच्या फटीतून वाळूत! घरभर करपट वास. शेजारच्या शांताबाई आणि मी हसून हसून दमलो. हे मात्र पडद्याआडून बाहेर आले नाहीत.

ताई, तुमच्यापासून काय लपवू? गिरणीच्या लूमखात्यात यांच्या उजव्या हाताची बोटं गेली, ती जखम भरली. पण डाव्या हाताने चारचौघांत जेवायची लाज काही जात नाही. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. काल मनूने घास मागितला, तर या हाताने घास भरवत नसतात म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. महिनाअखेर तिचा वाढदिवस आहे. मला काही सुचत नाही.

माया आहेच, रागवायचं असेल तर हक्काने रागवा.
तुमची धनश्री

नाशिक
१५ जानेवारी १९९६

चि. सौ. धनश्रीस,
छायाचे अ. आ. वि. वि.

तू वाळूलाच केक खाऊ घातलास म्हणून इथे सगळे हसले. अगं, मिश्रण पातळ झालं असणार. रवा दह्यात चांगला फुगू दे. तळावर तूप लावलेला कागद घाल, मग खटका लाव. उतरवल्यावर घाई नको. कोमट झाला की कडेने सुरी फिरव.

साधं भांडं उलटं करायला दोन हात लागतात, याला एक पुरतो. म्हणून तर पाठवलं. पण हे योगाला बोलून दाखवू नकोस, तो पहिल्यापासून मानी. भांडं त्याच्यापुढे ठेव आणि काही निमित्ताने आत जा. नाहीच उघडलं, तर तू उघड. तोंड पाडू नकोस.

मनूला पापा. तब्येतीला जप आणि मला धरून राहा.
तुझी नणंद कमी, ताई जास्त,
छाया

उधना, सुरत
२९ जानेवारी १९९६

ती. ताईस,
योगराजचा सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे.

काल मनूच्या वाढदिवसाला चाळीतली माणसं जमली. धनश्रीने भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि बशा आणायला म्हणून आत गेली. बशा माझ्या शेजारीच होत्या! ही अक्कल कुणाची, ते तेव्हाच ओळखलं. मनू घाई करत होती. अंगठ्याने खटका दाबला. भिंत बाजूला झाली, केक अख्खा उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सुरीही मीच धरली.

तुकडा उचलला, तर पोरगी आ करून समोर उभी. हात थांबला गं, ताई. सगळे बघत होते. ती मात्र डोळे मिटून, तोंड उघडून उभीच. भरवला. लगेच शांताबाईंनी हात पुढे केला आणि आपल्याला मोठा तुकडा हवा म्हणाल्या. नंतर मीही तिथेच, सगळ्यांमध्ये बसून खाल्लं. धनश्री दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

केक जरा कमी गोड झाला होता, पण तिला कळवू नकोस. हे पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे.

अशीच पाठीशी राहा.
तुझा योगा