नग एक, अनंत

२ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. पोस्टाची तिकिटं सोड, त्याची खरी किंमत सांगतो: तुझी अर्ध्या दिवसाची रजा, वॉर्डातले दोन जुने टॉवेल, पोस्टातल्या बाईशी माझं पाऊण तासाचं भांडण (पार्सल गळतंय म्हणून तिला आत मासळी वाटली), आणि तुझ्या वहिनीची कपडे भिजवायची बादली, जी तिला आता परत नको आहे. एवढ्यात अनंताच्या बारा फांद्या मिळाल्या. महाग नाहीत.

त्याच दिवशी लावल्या. कारखान्याच्या मागच्या खिडकीत, सकाळचं ऊन येतं तिथे. तू काळजी सोड. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारत जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा बांधायला शिकलो. आज मोटार कुठे दुखतेय ते नुसतं कान लावून सांगतो. मी बांधलेली वीस वर्षं पुन्हा जळत नाही. आमच्या धंद्यात ओल हाच वैरी. म्हणून प्रत्येक फांदीचं कापलेलं टोक वाइंडिंगच्या व्हार्निशमध्ये बुडवलं, वाळवलं आणि मगच मातीत खोचलं. बाराच्या बारा जगतील, लिहून घे.

तेव्हा तुमच्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना वॉर्डाबाहेरचं ते अनंताचं झुडूप तोडून गाड्या लावायच्या आहेत तर लावू देत. एकतीसला तू निवृत्त. जाता जाता वाघाच्या शेपटीवर पाय कशाला?

राग गिळ, लोभ ठेव.
दादा

९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

व्हार्निश! अरे दादा, फांदीला मुळं फुटतात ती त्याच टोकाला. तू रोग्याच्या तोंडालाच प्लॅस्टर घातलंस. टोकं पुन्हा काप, खालची पानं काढ, वरून पारदर्शक पिशवी घाल. आणि तुमचं बोअरचं जड पाणी घालू नकोस, त्याने अनंत पिवळा पडतो. ऑपरेशन थिएटरच्या एसीतून टपकणारं पाणी मी एकोणीस वर्षं बादलीत धरून घालते, ते हौस म्हणून नाही.

साहेब मंगळवारी टेप घेऊन आले. म्हणाले, इथे तीन गाड्या मावतात. मी म्हटलं, आत चोवीस माणसं मावली आहेत आणि सगळी भाजलेली आहेत. त्यांना स्वतःच्याच अंगाचा वास नकोसा होतो रे. बहर असला की सगळी खिडकीकडे तोंड करून झोपतात. साहेबांनी वासाचा फवारा मागवून घ्या असं सुचवलं. मी ते लेखी मागितलं. टेप गुंडाळून निघून गेले.

आता ऐक. पहिलं झुडूप कोणीतरी उपटून नेलं होतं. म्हणून दुसरं लावलं तेव्हा मी ते वॉर्डच्या सामानाच्या वहीत चढवलं. खाटा, नग चोवीस. स्टूल, नग सहा. अनंत, नग एक. वहीतली वस्तू हलवायची तर तिघांच्या समितीने ती निकामी झाल्याचं लिहून सह्या कराव्या लागतात. बघते कोण सही करतो ते.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझी धाकटी

१८ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू तर माझ्याही वरताण निघालीस! मागचा सल्ला मागे घेतला, फाडून टाक. आता नवा घे. चाळीस वर्षं साहेबलोकांचे आवाज ऐकतोय. साहेब गुरकावला तर भिऊ नये. गोड बोलला तर हातातला कागद सोडू नये. वहीच्या कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेव.

टोकं काही मी कापली नाहीत. गरजच काय? पानं हिरवीगार आहेत आणि एकीला चक्क कळी आली आहे! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो. तुझी वहिनी म्हणते, एकदा उपटून मुळं बघा. मी म्हटलं, चालती मोटार कोणी उघडून बघतं का?

घट्ट उभी राहा. आम्ही दोघं आहोतच.
दादा

१ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साहेब खरंच गोड बोलले. निरोपाला भाषण करतो, भिंतीवरचं घड्याळ देतो, फक्त वहीतली ती ओळ तुमच्या हाताने खोडा, असं म्हणाले. मी म्हटलं, निकामी असल्याचा दाखला आणा.

तीसला समिती आली. साहेब, स्टोअरकीपर आणि हाडांचे डॉक्टर. झुडूप फुलांनी लगडलेलं. स्टोअरकीपरच्या फॉर्मवर तीनच कारणं: मोडलं, गंजलं, हरवलं. तो बिचारा फॉर्मकडे बघायचा, मग झुडपाकडे. हाडांच्या डॉक्टरांनी दोन फांद्या वाकवून पाहिल्या आणि सांधे उत्तम आहेत म्हणाले. तेवढ्यात सात नंबरच्या खाटेवरचा वेल्डर, दोन्ही हात पट्ट्यांत, खिडकीतून ओरडला, की निकामी माल बघायला आला असाल तर आधी आत या, रांगेत आमचा नंबर आधी आहे. बाकीच्या खाटाही बोलू लागल्या. स्टोअरकीपरने पेनाला टोपण लावलं. सही न करता तिघंही गेले.

काल माझ्या जागी आलेल्या सिस्टरला ताबा दिला. तिने खाटा मोजल्या, स्टुलं मोजली, मग बाहेर जाऊन झुडपाला हात लावला आणि लिहिलं: अनंत, नग एक, चालू स्थितीत. खाली सही. घड्याळ मिळालं नाही. एसीखालची बादली मात्र तिच्या हातात देऊन आले.

दहा तारखेला येते. गॅलरी रिकामी आहे, बारांतल्या दोन माझ्या.

भेटीपर्यंत जीव लावून ठेव.
तुझी धाकटी

६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, कारखान्यातल्या सगळ्या मोटारी बंद करून. त्या वेल्डरला सांग, हात बरे झाले की माझ्याकडे काम आहे. साहेबांचं घड्याळ गेलं तर गेलं. घड्याळ बघून तुला आता कामावर थोडंच जायचंय?

निघण्याआधी एकदा वॉर्डात जा आणि नव्या सिस्टरला विचारून ताज्या फांद्या घेऊन ये. या वेळी तू लाव, मी नुसतं पाणी देईन, तू सांगशील तेच.

वाट बघतोय, लवकर ये.
दादा

ता. क. तुझ्या वहिनीने आज सगळ्या उपटून पाहिल्या. बारापैकी एकीलाही मूळ फुटलेलं नाही.