दाखल्यावरचं नाव

शहापूर, ता. २ नोव्हेंबर १९३२

ती. सौ. बायाक्का हीस धाकट्या सुबरावाचा सा. न. वि. वि.

पहाटे जाग आली की आईच्या रहाटाची कुईकुई ऐकू येते. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि तू त्या तालावर माझ्याकडून शाळेची कविता घोकून घ्यायचीस. चुकलो की कांडी फेकून मारायचीस. माझी पाटी बघून तूही लिहायला शिकलीस. पन्नास वर्षांपूर्वीचा तो आवाज स्पष्ट आहे; समोरचा माणूस मात्र धुक्यातला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. हे कागदावर पट्टी ठेवून लिहितो. बेळगावात एका धर्मादाय दवाखान्यात फुकट ऑपरेशनं चालली आहेत म्हणून चालत गेलो. कारकुनाने गाव विचारलं. शहापूर म्हणताच म्हणाला, ही सोय इंग्रजी जिल्ह्याच्या रयतेची, तुम्ही संस्थानी. संस्थानच्या कचेरीत गेलो, तर म्हणाले, मास्तर, तुम्ही निपाणीहून आलेले, आधी आमची माणसं होऊ देत. चाळीस वर्षं फळ्यावर नकाशे काढले, पण परसामागून जाणारी ही रेघ मला कधी दिसली नाही.

निपाणी इंग्रजी हद्दीत, म्हणून तिथल्या पाटलाचा रहिवासाचा दाखला दवाखान्यात चालेल म्हणतात. पण इथल्या नोकरीसाठी तिथल्या वहीतलं नाव मीच काढून घेतलं होतं. डॉक्टर संक्रांतीपर्यंतच आहेत. मग वाचणं संपलं. हल्ली कवितांचं पुस्तक उघडून नुसता वास घेतो.

रागावलीस तरी लोभ आवरू नकोस.
सुबराव

निपाणी, ता. ११ नोव्हेंबर

चि. सुबरावास बायाक्काचा पोटभर आशीर्वाद.

लई शहाणा मास्तर! आधी का कळवलं न्हाईस? तुझ्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्यात रं.

पाटलांकडं गेलते. त्यांच्या वहीत तुझं नाव न्हाय, पण तुझ्या दाजींचं हाय. बावीस वरसं झाली गोव्याला कामाला म्हणून गेले त्याला, एक कार्ड न्हाय. यमनाप्पा हयात हाय का, असं पाटलांनी इचारलं. मी कपाळाचं कुंकू दाखवलं. तेवढ्यावर दाखला दिला लिहून.

दाखला सोबत हाय. आजपासनं दवाखान्यात तू यमनाप्पा. खोटं बोलवत न्हाय म्हणून मला कविता सांगू नगोस. तू अजून सौ. लिहितोस, पोस्टमन दोनदा बघतो. त्या माणसाचं नाव एकदा तरी कुणाच्या कामी यावं.

डोळा उघडला की पयलं पत्र मला. माया हाय तशीच.
आक्का

शहापूर, ता. २० डिसेंबर

ती. सौ. बायाक्कास सा. न. वि. वि.

उजवा डोळा उघडला. बारा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. नर्स यमनाप्पा म्हणून हाक मारी. ओ द्यायला मला उशीर होई, तिला वाटलं कानही गेले. शेजारच्या खाटांवर भेटायला माणसं येत, भाकरीचा वास येई. मी मनात कविता म्हणत असे. एकदा मधलं कडवं आठवेना आणि विचारायला जवळ कोणी नव्हतं. रडू आलं, पण डोळ्यांत पाणी आणायची मनाई होती.

पट्टी सुटल्यावर पहिलं दिसलं ते खाटेवरच्या पाटीवरचं नाव : यमनाप्पा, निपाणी. वाचता आल्याचा आनंद झाला, आणि जे वाचलं त्याची लाज वाटली. डावा डोळा संक्रांतीआधी करू म्हणतात. दाखला घेऊन परत जावं का? तू सांगशील तसं.

तुझ्या मायेवर दिवस काढणारा,
सुबराव

निपाणी, ता. ३ जानेवारी १९३३

चि. सुबरावास आशीर्वाद.

डाव्या डोळ्यासाठी जा म्हणून लिहायला बसलेच होते, तवर दारावर काठी आपटली. उंबरा चाचपत एक म्हातारा उभा, दोन्ही डोळे पांढरे. तिकडं गोव्यात परका म्हणून कुणी बघंना, तवा बेळगावला आलता म्हणे. नाव-गाव सांगितलं तर कारकुनानं हाकलला, की निपाणीच्या यमनाप्पाचं ऑपरेशन मागच्याच म्हैन्यात झालंय, सोंग करू नगो. माझं नाव कुणी घेतलं, आणि बायाक्का अजून हितंच ऱ्हाते का, असं इचारतोय.

हाताला धरून कट्ट्यावर बसवलाय. पाणी दिलं. हात वळखला न्हाय त्यानं.

सुबराव, दाखला एकच हाय, डोळे दोघांचे. पयल्या मोटारीनं घेऊन ये. मी अजून तोंड उघडलेलं न्हाय. बोलले की वळखंल.

आक्का