बाबांच्या कोटाचे टीव्हीवरचे रंग

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरल्यामुळे अर्धाच, उरलेला समक्ष भेटीत). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुमची सिगारेट बंद केली हे ऐकून मला फार आनंद झाला, असं त्यांना सांगा.

इकडची हकीकत अशी. टीव्ही केंद्राच्या जुन्या फिती निस्तरायच्या माझ्या नोकरीत परवा चक्क बाबांची मुलाखत हाती लागली. घड्याळाला किल्ली किती द्यावी यावर ते सात मिनिटं बोलले होते, तीच. बाबा गेल्यापासून त्यांचं हलतं-बोलतं असं घरात काहीच नाही, म्हणून येत्या रविवारी आईच्या पंचाहत्तरीला ती दाखवायची ठरवली. आता त्या काळी चित्रातला उजेड आणि रंग एकाच तारेतून यायचे, म्हणजे मीठ आणि साखर एकाच बरणीत. बाबांच्या करड्या कोटावरच्या बारीक रेघा बघून टीव्ही बावचळायचा, त्यांनाच रंग समजायचा आणि कोटावर हिरव्या-जांभळ्या लाटा नाचवायचा. ही मीठ-साखर निवडणारं नवं यंत्र ऑफिसात आलंय. पहिल्या दिवशी त्यात बाबा हिरवे झाले. दुसऱ्या दिवशी निवेदिकेच्या ओठांची लाली घसरून हनुवटीवर आली (साहेब म्हणाले, बरी दिसते). तिसऱ्या दिवशी एकदाचं जमलं. कोट करडा, रेघ न् रेघ सुटी, खिशातलं पेनसुद्धा दिसतंय. मी स्वतःवर भलताच खूश.

राहवेना, म्हणून आईला आधीच दाखवलं. तिने शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, कोट कुठे गेला? मी मीठ-साखर समजावली. ती म्हणाली, "तो करडा होता हे मला नको सांगूस, इस्त्री मीच करायचे. पण त्या दिवशी तो टीव्हीत झळाळला होता. मला तो दाखव." मामा, मी चुका काढायचा पगार घेतो. आता ही चूक परत कशी घालू? मूळ फीत लावावी, तर हल्लीचे टीव्ही इतके हुशार की आपणच मीठ-साखर निवडून मोकळे होतात. तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

बाकी क्षेम.

तुमचा,
भाचा

ता. क. : तुमच्या माळ्यावरचा टीव्ही, ज्यावर आपण सगळ्यांनी ती मुलाखत पाहिली आणि जो भंगारात द्या म्हणून मी दहा वर्षं तुमच्या मागे लागलोय, तो दिला तर नाहीत ना? शनिवारपर्यंत पाठवा. कृपा करून दुरुस्त करू नका.

आणखी एक : आई म्हणते, टीव्हीबरोबर तुम्हीही या, पण बसायचं मागे. त्या दिवशी तुम्ही तिच्या पुढ्यात बसला होतात आणि तिला अर्धाच कोट दिसला होता.