अठराव्या कमानीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चाळीस वर्षे बांधकाम कंत्राटदार आणि दोन्ही गुडघे बदलल्यापासून घरबशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण आणायची कुणाची टाप नव्हती, आजही नाही. माझे डोके ठिकाणावर आहे का, अशी शंका असेल त्याने माझ्या मुलीला विचारावे. तिच्या नव्या घराच्या जिन्यात एक पायरी कमी पडते, हे नकाशावरून मीच दाखवले.

१. राहते घर आणि बँकेत असेल नसेल ते मुलीला. अट एकच. स्वयंपाकघर मोठे करायच्या नादात मधली भिंत पाडायची नाही. "एवढीशी तर भिंत आहे, आई," म्हणशील. अगं बये, त्या एवढ्याशा भिंतीवरच वरचा मजला उभा आहे.

२. शेजारच्या निवृत्त मास्तरांना माझ्या दोन ओळंब्यांपैकी नवा. त्यांच्या कुंपणाची भिंत नऊ वर्षे माझ्या अंगणात डोकावते आहे. "तुमच्या डोळ्यांचा दोष," म्हणतात. आता दोरी सोडून बघा मास्तर, दोष कुणाचा ते.

३. आता खरी इस्टेट. ऑपरेशननंतर मी अंथरुणावरून घरभर हुकूम सोडू लागले, तेव्हा मुलीने वैतागून माझ्या टॅबवर एक ऑनलाइन खेळ घालून दिला. त्यात गावे वसवायची; पण साधी कमान कशी उभी राहते, हे खेळ सांगत नाही. खेळाडूंनी बांधून, पाडून शोधायचे. जो तो एकटाच दगड रचत होता आणि कपाळावर हात मारून घेत होता. मला राहवेना. मी 'बांधकाम संशोधन मंडळ' काढले. एकाने बांधायचे, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे; का पडले ते कळल्याशिवाय पुढचा दगड नाही. नोंदवही मुंगीकडे. मुंगी हे तिचे खेळातले नाव, एरवी ती परिचारिका. तिच्याइतके नेमके कुणी लिहीत नाही, म्हणून वही तिच्याकडेच राहावी.

खेळाचा नियम असा, की प्रमुख तीस दिवस फिरकला नाही तर मंडळ बरखास्त आणि सगळे शोध पुसले जातात. मेलेल्या माणसालाही सवलत नाही. तेव्हा रडणे-बिडणे नंतर, आधी कलम ५ बघावे.

४. आमची कमान चोरून स्वतःची म्हणून मिरवणाऱ्या गरुड गटाला आमच्या पहिल्या सतरा कमानींची नोंद द्यावी. सतराही पडल्या. त्याही त्यांनी खुशाल स्वतःच्या नावावर लावाव्यात.

५. मंडळाचे प्रमुखपद कासवाला. कासव मंडळात सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत कमी बोलतो. त्या सतरा कमानी माझ्यामुळे पडल्या, कारण खालचे लाकडी टेकू मी घाईने काढायचे. कासव दरवेळी लिहायचा, "थांबा. अजून ओलं आहे." नववी पडली तेव्हा मुंगी म्हणाली, "काय हो, परत?" आणि कासवाने विचारले, "खाली कुणी होतं का?"

खेळात खाली कोण असणार! पण माझा हात थांबला. बारा वर्षांपूर्वी आमच्या कामावर एका पोर्चचा स्लॅब कोसळला होता. धूळ बसायच्या आत माझ्या धाकट्या भावाने हेच विचारले होते. सेंटरिंगचे, म्हणजे टेकू लावायचे-काढायचे, काम त्याचे. नशीब, खाली कुणी नव्हते. पण मालकासमोर मी म्हणाले, "यानेच टेकू लवकर काढले." त्याने हत्यारे उचलली आणि गेला, तो गेलाच.

टेकू काढायला मीच लावले होते. तो नको नको म्हणत होता. हे तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिते. दीड वर्ष आम्ही एका मंडळात आहोत. तो मला 'प्रमुख' म्हणतो, मी त्याला 'कासव'. त्याचे ऐकले तेव्हा अठरावी कमान उभी राहिली. मंडळ, वडिलांचा जुना ओळंबा आणि माझी माफी, तिन्ही त्याला.

ताजा कलम. सहीला दोन साक्षीदार लागतात; एक माझ्या वकीलबाई, दुसरा हवा, असे मी मंडळात टाकले. कासवाने लिहिले, "येतो, ताई." पत्ता विचारला नाही. दुपारी दारात उभा, केस सगळे पांढरे.

"तुला कधीपासून माहीत?" मी विचारले.

"मी आल्यावर पडलेल्या पहिल्या कमानीपासून. एवढ्या घाईने टेकू काढणारं दुसरं कोण असणार?"

मी हा कागद त्याच्या हातात दिला. कलम पाच त्याने दोनदा वाचले आणि चष्मा पुसला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मंडळ आणि ओळंबा तिथेच हातोहात दिला. माफीला कायद्याची आडकाठी नाही म्हणे, ती कलमात आहे तशीच राहील.

मी पेन उचलले, तर त्याने कागदावर हात ठेवला. "आज नको. आत्ताच तर लिहिलंयस. स्लॅबला देतात तसे एकवीस दिवस जाऊ देत."

"आणि मध्येच मेले तर?"

"मी आहे ना इथे, पाणी मारायला."

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
लिहिले: ३ मार्च. सही केली: २४ मार्च.

सही: ताई, मंडळाची माजी प्रमुख
साक्षीदार पहिली: वकीलबाई
साक्षीदार दुसरा: कासव, सेंटरिंग कारागीर, सख्खा धाकटा भाऊ. मुक्काम: एकवीस दिवस झाले, इथेच.