तिसऱ्या घडीखाली

सोमवार, ३ मार्च
शनिवारी सकाळी मशीनमधून घडी होऊन आलेला एक कागद खिशात टाकला. औषधांच्या खोक्यात जाणारी माहितीपत्रकं आमच्या छापखान्यात होतात. बावीस वर्षं घडीच्या मशीनवर मीच – पण कडा जुळल्या का एवढंच पाहायचो, वाचलं कधी नाही. हे नाव मात्र ओळखीचं निघालं. सूनबाईची फिटची गोळी. तिला पाचवा महिना.
वर लिहिलं होतं, गरोदरपणात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर व्यंग असलेल्या बाळांचे फोटो. कागद आणि फोन, दोन्ही तिच्यापुढे ठेवले.
‘‘तुमच्या छापखान्यातलाच कागद आहे, बाबा. खोटा कसा असेल?’’
गोळी बंद. ‘‘यांना सांगू नका, उगाच घाबरतील.’’ मी हो म्हणालो.

मंगळवार, ४ मार्च
चहा गाळता गाळता सूनबाई थांबली. गाळणी हातात, नजर भलतीकडेच. हाक मारली तरी ओ नाही. मग एकदम, ‘‘काही नाही, झोप झाली नाही नीट.’’

गुरुवार, ६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत मांडणीवरची पत्रकं उघडून बसलो. खोकल्याचं औषध, खाजेचं मलम, पित्ताची गोळी. सगळीकडे तीच ओळ!
कागद कापणारा कटिंगवाला म्हणाला, ‘‘बावीस वर्षं बंद केलीत, आज उघडताय होय?’’
म्हणजे धोका आहे असं ती ओळ म्हणतच नव्हती. पुरेशी माहिती नाही, डॉक्टरांना विचारा – एवढंच. ‘डॉक्टरांना विचारा’ तिसऱ्या घडीखाली होतं. मी तिथवर गेलोच नव्हतो.
फोनवर पुन्हा शोधलं. एका पानावर डॉक्टरांनीच लिहिलेलं – फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिट आली तर आईला धोका, पोटातल्या बाळालाही. मंगळवारी गाळणी धरून थांबलेली सूनबाई आठवली. ते फोटोही पुन्हा पाहिले. त्यांखाली औषधाचं नावच नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सूनबाईला सगळं सांगितलं.
‘‘परवा बंद कर म्हणालात, आज घे म्हणता. मी कुठला कागद खरा मानू?’’
डॉक्टरांना फोन लावू म्हटलं, तर रडू लागली. ‘‘यांना कळेल. पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच की.’’
मी फोन खाली ठेवला.

शनिवार, ८ मार्च
आमची ही म्हणाली, ‘‘घास उतरत नाहीये तुमच्या घशाखाली. दात दुखतोय की मन?’’ दात म्हणालो.
संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. देवा, तिला सांभाळ. तिसऱ्यांदा म्हणताना लाज वाटली. माझ्या तोंडाने सांगायचं ते त्याच्यावर ढकलत होतो.

रविवार, ९ मार्च
सकाळी मुलाला सांगितलं, सगळ्यांसमोर. गोळी मी बंद करायला लावली, तिच्यावर आवाज चढवायचा नाही. त्याने डॉक्टरांना फोन लावला; ते म्हणाले, आत्ताच घेऊन या. तपासलं, गोळी पुन्हा सुरू केली.
सूनबाई माझ्याशी बोलत नाही. पण जेवण झाल्यावर पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, मला दिसेल अशी गोळी जिभेवर ठेवली, गिळली आणि आत गेली.